दगडाला विचारणारे नरसय्याकाका

नरसय्याकाका दगडावर पाय ठेवण्याआधी त्याला विचारतात.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. उजव्या हातातल्या हातोडीनं दगडाला तीनदा ठोकायचं, डावा तळहात त्याच्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं विचारायचं, "नीट बसलास का रं?" मग थांबायचं. दगडाचं उत्तर आलं की मान हलवायची आणि मगच पाय टाकायचा. उत्तर पसंत पडलं नाही तर पाय मागे, पहार पुढे. फक्त स्वतः बसवलेल्या दगडाला ते कधी विचारत नाहीत. "एकदा बशिवला म्हंजे बशिवला. रोज इचारलं तर त्येला राग येतो."

सोलापुरात डोंगर कुठे, असं विचारणारे भेटतात. सोलापुरात डोंगर नाही. सोलापूर ताटासारखं सपाट आहे आणि तसंच तापतं. पण एसटीनं दीड तास गेलं की बालाघाटाचं शेपूट लागतं, आणि त्या शेपटावर सुळकाईचा डोंगर आहे. वर देवीचं ठाणं, एक पाण्याचं टाकं, दोन वडाची झाडं आणि वारा. आम्हा सोलापूरकरांना वाऱ्यासाठी एवढं चढणं परवडतं. वाट तशी सोपी, फक्त दोन तृतीयांश चढून गेल्यावर ती कड्याच्या पोटावरून आडवी जाते. चाळीस पावलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. पायाखाली सुटा मुरूम. हिला सगळे 'आडवी' म्हणतात. आडवीच्या तोंडाशी चपला काढायच्या असा रिवाज, कारण पुढे आईची हद्द. म्हणजे जिथे पाय घट्ट रोवायला हवा तिथेच माणसं अनवाणी, आणि दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी घसरून हातपाय मोडून घेतंच.

या अन्यायाविरुद्ध मी लढत होते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. आम्ही अर्ज करतो, निवेदनं देतो, पत्रकं छापतो. पत्रकं बहुतेक मीच लिहिते. 'आडवीवर लोखंडी कठडा झालाच पाहिजे!' हे माझं वाक्य. 'अजून किती हाडं मोडल्यावर जाग येणार?' हेही माझंच. डोंगर नेमका कुठल्या खात्याचा हे दोन वर्षं कुठलंच खातं सांगत नव्हतं, आणि मला त्याचा रोज नव्यानं राग येत होता. राग येणं हेच मला काम वाटायचं.

तर पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी आडवीपाशी पोचले होते, तेव्हा एक काटकुळा म्हातारा आडवा हात करून उभा राहिला.

"थांब. इचारल्याबिगर पाय ठिवायचा न्हाय."

"कोणाला विचारायचं?" मी पेटलेच. "कुठल्या खात्याची परवानगी लागते इथं? दाखवा कागद!"

"काय?"

"कागद! कागद दाखवा!"

"कागद तुज्याच हातात हाय की," म्हातारा म्हणाला. "मी ह्या दगडाला इचार म्हनतोय."

नरसय्याकाका म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या यंत्रमागांवरचे जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करणारा तो जॉबर. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेलेले. पण माग कुठे आजारी आहे हे ते लाकडावर तळहात ठेवून सांगायचे. "कान गेलं तवा मालक म्हनला, आता घरी बस. म्या म्हनलं, माजं कान हितं हायेत." असं म्हणून ते डावा पंजा दाखवतात. मागांचं काम सुटल्यावर त्यांनी तो पंजा डोंगराला लावला. दर रविवारी पहिली एसटी. पिशवीत हातोडी, कडक भाकरी, शेंगाचटणी. पहार डोंगरावरच करवंदीच्या जाळीत लपवलेली. आडवीवरचा मुरूम खरवडायचा, खालून दगड वर आणायचा, खाच खणून पायरी बसवायची. एक पायरी बसायला दोन रविवार, कधी तीन. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही.

बसवलेल्या प्रत्येक दगडाला ते नाव देतात. सगळी मागावरची माणसं. "ह्यो सिद्राम. हलल्यासारका वाटतो, पन पडत न्हाय. ह्यो मुकादम, नुसता बसून असतो. आन ह्येच्यावर जरा जपून, ह्यो मालक."

मी त्यांना पहिल्याच दिवशी आमची भूमिका समजावून सांगितली. भूमिका ओरडून सांगावी लागते तेव्हा ती जरा विचित्र वाटते, पण मी सांगितली. "काका, हे काम सरकारचं आहे! तुम्ही फुकट करता म्हणून त्यांना करावं लागत नाही! श्रमदान म्हणजे त्यांना सुट्टी!"

"मग काय करायचं?"

"लढायचं! कठडा होईपर्यंत लढायचं!"

"बरं. लढ तू," काका म्हणाले. "आन तवर पाय कुटं ठिवायचा?"

उत्तर म्हणून मी त्यांना एक पत्रक दिलं. त्यांनी ते बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, छापखान्याच्या नावासकट. मग त्यात शेंगाचटणी बांधली. "कागद झ्याक हाय. तेल सोडत न्हाय." त्या दिवसापासून माझं नाव पत्रकबाई.

मी पुढचे बरेच रविवार तिकडे जात राहिले. काम करायला नाही हं. भूमिका होती ना. फोटो काढायला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. पण काकांना दगडाचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं, आणि भूमिका घेऊन नुसतं उभं राहायला लाज वाटायची. एकदा मी कुरकुरले, "काका, या पायऱ्या इतक्या बुटक्या का? वाट आहे की बालवाडीचा जिना?" त्यांच्या पिशवीत एक खाच पाडलेली काठी असायची. प्रत्येक पायरी त्या खाचेएवढीच. बोटभर जास्त झाली तर दगड उचकटून पुन्हा. "माप हाय त्ये," एवढंच म्हणाले. कुणाचं माप ते मी विचारलं नाही. आम्ही लोकांना प्रश्न विचारतो ते बहुतेक उत्तर आधी ठरवून.

आडवीच्या अगदी मधोमध, जिथे खाली नुसता उतार, तिथल्या पायरीला तीन रविवार लागले. दगड मोठा होता आणि ठोकला की टणटण वाजायचा. शेवटी काकांनी मला जवळ बोलावलं. पायरीच्या आतल्या बाजूला, कातळ आणि दगड यांच्यामधल्या फटीत त्यांनी एक हातभर लांब, निमुळता दगड ठोकून बसवला. पाचर. दगडाचा आवाज एकदम बंद झाला.

"बगितलंस? हिचा जीव हितं हाय. ही पाचर हाय तवर हत्ती नाचला तरी हालायची न्हाय. कुनाला दावत न्हाय मी. तुला दावली." मग पायरीकडे बघून हसले. "लई आवाज करत हुती. आता बसली. हिचं नाव पत्रकबाई."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायचं आहे.

आठव्या अर्जाला उत्तर आलं. गुरुवारी अकरा वाजता एक अधिकारी आडवीची पाहणी करायला येणार! गटात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की साहेब येऊन बघणार काय? काकांनी बसवलेल्या एकवीस सुबक, बुटक्या, न हलणाऱ्या पायऱ्या. तो म्हणणार, वाट छान आहे की. अर्ज निकाली.

रविवारी मी काकांना घसा फोडून समजावलं. "एक आठवडा! फक्त एक आठवडा मधल्या दोन-तीन पायऱ्या काढून ठेवा! साहेबाला धोका दिसू दे! मग कायमचा कठडा येईल!"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "पावना यायचाय म्हनून घर मोडून दावायचं?"

"घर नाही हो! डावपेच आहे हा!"

"न्हाय," काका म्हणाले, आणि भाकरी सोडायला बसले.

बुधवारी दुपारी मी एकटी डोंगरावर गेले.

पाचर निघता निघेना. मी पहार शोधली, ती सापडली नाही. शेवटी एका दगडानं ठोकून, हलवून, नखं तोडून घेत पाऊण तासानं ती बाहेर आली. पायरी पडली नाही. दिसायला जशीच्या तशी. पण मी काठीनं दाबून बघितलं तेव्हा ती कडेला कलली आणि पुन्हा जागेवर आली. हेच मला हवं होतं. उद्या साहेबासमोर काठी दाबायची आणि म्हणायचं, बघा! माझं सगळं ठरलं होतं. गुरुवारी डोंगरावर कुणी येत नाही. काका रविवारीच येतात. मी साहेबाच्या आधी पुढे होऊन सगळ्यांना थांबवणार. मी इतकी हुशार होते की पाचर पिशवीत घालून घरी घेऊन आले, कुणाला सापडू नये म्हणून.

मी मोठमोठ्या खात्यांच्या निष्काळजीपणावर लिहिते. एका हलणाऱ्या दगडावर साधी लाल चिंधी बांधायचं मला सुचलं नाही.

गुरुवारी साहेबाच्याच गाडीतून आम्ही पायथ्याशी पोचलो आणि वर चढलो. आडवीच्या तोंडाशी एक चपलांचा जोड नीट ठेवलेला होता. अंगठ्याला तारेनं शिवलेल्या चपला. मी त्या ओळखल्या आणि पळत सुटले.

काका पायरीच्या खाली दीड पुरुष उतारावर, एका बाभळीच्या बुंध्याला अडकून बसले होते. डावा हात मनगटाशी नको तिकडे वळलेला. शेजारी केरसुणी पडली होती. साहेब येणार हे माझ्याच तोंडून ऐकलेलं. म्हणून पहाटेची गाडी धरून ते आडवी झाडायला आले होते. पाहुणा यायचा होता ना. आणि स्वतः बसवलेल्या दगडाला ते विचारत नाहीत.

साहेबाबद्दल मी डोक्यात एक पूर्ण पत्रक रचून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही कामाला आला नाही. तो बूट काढून तसाच उतारावर बसला आणि घसरत काकांपर्यंत गेला. मी वरून काहीतरी अर्जाचं बोलायला लागले तर ओरडला, "ओ मॅडम, आधी माणूस धरा! अर्ज मागनं!" पांढरा शर्ट लाल मुरमानं माखवत त्यानं काकांना खांद्यावर घेतलं आणि खाली गाडीपर्यंत आणलं.

सगळ्या रस्त्यात काका एकच बोलत होते. "पाचर बसली नव्हती. माजीच चूक. हाताला कळलं न्हाय."

पाचर माझ्या पिशवीत होती. मांडीवर.

आता तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकलं असेल. नाही. मी दवाखान्यातून घरी आले आणि पत्रक लिहिलं. 'सत्तरीच्या कामगाराचा आडवीवर अपघात! जबाबदार कोण?' प्रश्नचिन्ह मोठं घ्यायला सांगितलं छापखान्यात. नव्या पेठेत संध्याकाळच्या गर्दीत उभी राहून मी ते स्वतःच्या हातानं वाटलं. साडी घेऊन निघालेल्या बायका थांबून वाचत होत्या, हळहळत होत्या. एक रिक्षावाला म्हणाला, "बरं केलं ताई, कुनीतरी इचारलं पायजे ह्यांना." मी मान हलवली.

तीन आठवडे मी काकांकडे गेले नाही. काम होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि स्वतःलाही.

शेवटी गेले. पूर्व भागातली एक लांबट गल्ली. दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. काकूही, म्हणजे राजव्वाकाकू, उंबऱ्याशी तशाच. चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्यानं त्यांचे गुडघे आता पूर्ण सरळ होत नाहीत. आत काका खाटेवर प्लास्टरातला डावा हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्याचा आहे आणि सांभाळायला दिला आहे. भिंतीला माझं पत्रक चिकटवलेलं.

"नाव बरूबर छापलंय," काका म्हणाले. "बस."

बसताना मी खाटेला टेकले. खाट करकरली. एरवी काकांनी लगेच तळहात लावून तिचं दुखणं सांगितलं असतं. त्यांनी नुसतं काकूंकडे बघितलं. "बग गं, खाट नीट हाय का?"

"असंच चाललंय," काकू माझ्याकडे न बघता, काकांनाही ऐकू जाईल अशा मोठ्यानं म्हणाल्या. विडी वळणं चालूच. "दार लागलं का बग, नळ बंद झाला का बग. सगळं मला इचारतो. हातोडी शेजारी देऊन टाकली, नारळ फोडायला. म्हनतो, हात गेला माजा."

"गेलाच की," काका म्हणाले. "कान गेलं तवा हात हुता. आता हातबी खोटं बोलाय लागला. पाचर बसली म्हनून सांगितलं त्यानं मला. बसली नव्हती. दुसरं कोन असतं त्या पायरीवर तर?"

काकूंनी वळलेली विडी सुपात टाकली. "आन माज्यासाठी चाललं हुतं सगळं. म्या कवा म्हनलं हुतं का? ती काठी बगितलीस न्हवं, खाच पाडलेली? ती माज्या पायाचं माप. पाटावर पाय ठिव म्हनला. ठिवला. पाटावर घडी घातलेली चादर ठिवली, आता ठिव म्हनला. ठिवला. अजून एक चादर ठिवली, मग न्हाय उचलला. तितं खाच पाडली."

बालवाडीचा जिना.

मी पिशवीतून पाचर काढली. तीन आठवडे ती माझ्या टेबलाखाली होती. मला हळू आवाजात, नीट, शब्द निवडून सांगायचं होतं.

"काका, पाचर मी काढली."

"काय?"

"पाचर मी काढली, काका."

"जरा मोट्यानं बोल की. आज घसा बसलाय का काय तुजा?"

घोषणा देऊन कमावलेला आवाज आहे माझा, चौकात माईक लागत नाही. त्या आवाजात मी ओरडले, "पाचर मी काढली! बुधवारी! साहेबाला दाखवायला!"

गल्लीतली सगळी सुपं थांबली. समोरच्या घरातली म्हातारी उठून दारात आली. मी मान खाली घातली आणि पाचर फरशीवर ठेवली.

काकांनी उजव्या हातानं ती उचलली. अंगठा तिच्या धारेवरून फिरवला, एकदा, दोनदा. "हीच की. हीच ती." मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते. काहीही बोलले असते तरी चाललं असतं.

"म्हंजे बसली हुती?"

"हो."

"घट्ट?"

"घट्ट! निघत नव्हती! दगडानं ठोकून काढली, पाऊण तास लागला!"

"किती?"

"पाऊण तास!"

काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांच्या एकाही सभेत पाहिलेलं नाही. ते उठून दाराशी गेले, समोरच्या म्हातारीला तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं, त्यातला 'पाऊण तास' तेवढा मराठीत होता. मग बाजूच्या घराला. मग पुन्हा आत येऊन काकूंना, पाचर नाचवत, "पाऊन तास लागला म्हनं पोरीला! मजबूत हाडाची पोर हाय, तरी पाऊन तास!" प्लास्टरातला हात त्यांनी वर धरला आणि उलटसुलट करून बघितला, हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तसा. "गेला न्हाय. हात गेला न्हाय माजा."

रागवायचं ते विसरलेच. याहून मोठी शिक्षा मला आजवर कुणी दिलेली नाही.

काकू विसरल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला हात लावून हळूहळू उठल्या, गुडघे वाकलेलेच, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "त्या बाभळीला अडकला म्हनून. नसता अडकला तर?" त्यांनी भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट केलं. "कागदावर काय छापलं असतंस?" त्यांनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही. योग्य केलं.

मी काकांना ओरडून म्हणाले, मी दुसरं पत्रक काढते. जबाबदार मी, असं छापते. काका म्हणाले, "कशाला? कागद वाया. गल्लीला कळलं तेवडं रग्गड झालं." मला तेवढं पुरेसं वाटलं नाही, म्हणून हे इथे लिहिते आहे.

मग ते खाटेवर बसले आणि आपणहून बोलू लागले. रागाची जागा त्यांनी दुसऱ्याच गोष्टीनं भरली.

"तीस वर्सं झाली आसतील. मागावरचं सगळं बायकापोरांसकट गेलो हुतो सुळकाईला. आडवीपाशी आलो तर हिचा पाय घसरला. भ्याली. म्हनली, मी न्हाय येत, तुमी जावा. मी म्हनलं, बस मग. आन गेलो की वर! दोस्तांसंगं. वारं खाल्लं, डबा खाल्ला, झोप काडली वडाखाली. तीन तासानं खाली आलो. तर ही आडवीच्या तोंडाशी बसलेली. सगळ्यांच्या चपला वळीनं लावून ठिवलेल्या, मोट्या एकीकडं, पोरांच्या एकीकडं. मला म्हनली, वर वारं हुतं का वो?"

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "इतकं काय त्यात," त्या म्हणाल्या. "कुनीतरी बसाय पायजेच हुतं."

"काय म्हनली?" काकांनी मला विचारलं.

मी सांगितलं नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गेलो. हातोडी शेजाऱ्याकडून परत आणली होती. मधली पायरी काकांनी मला एकटीला बसवायला लावली. स्वतः कातळाला टेकून भाकरी खात सूचना देत होते. मला चार तास लागले. पाचर ठोकल्यावर दगडाची टणटण थांबली, तरी त्यांनी तीन वेळा हात लावून बघितला. माझ्या कामाला ते अजून विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

कठडा अजून झालेला नाही. साहेबानं अंदाजपत्रकात घातलाय म्हणे. मी नववा अर्ज दिला आहे. लढायचं आहेच. फक्त तोवर पाय कुठे ठेवायचा हे मला आता माहीत आहे.

थंडी पडल्यावर एका रविवारी काका काकूंना घेऊन आले. खालची वाट चढायलाच दोन तास लागले. चार पावलं, मग बसणं, मग पाणी. आडवीच्या तोंडाशी आम्ही तिघं पोचलो. काकूंनी चपला काढल्या, पुढे आईची हद्द. मी बूट काढले. काकांनीही चपला काढल्या, आणि तिथेच खाली बसले.

"चला की," काकू म्हणाल्या.

"तू जा. आज मी बसतो चपलांपाशी."

"वेडं का काय! ऊठ!"

"जा म्हनतो न्हवं. पत्रकबाई, हात सोडू नको तिचा. मेल्लगा, मेल्लगा." तेलुगूत हळू म्हणतात तसं ते काकूंना दोनदा म्हणाले, आणि आमचे जोड ओळीनं लावायला लागले. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. तीनच जोड होते, तरी खूप वेळ लावत बसले.

काकूंनी कातळाला एक हात लावला, दुसरा माझ्या हातात दिला. तो हात तंबाखूनं पिवळा पडलेला आणि घामानं ओला होता. सिद्राम झाला, मुकादम झाला. पाय उचलायचा, टेकायचा, दुसरा आणायचा. प्रत्येक पायरी बरोबर त्या खाचेएवढी. मधोमध आल्यावर त्या थांबल्या. त्यांना कुठली पायरी ते कुणी सांगायला नको होतं.

"हीच का?"

"हीच."

"कुनी बशिवली?"

"मी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं, जिथे ती बाभळ होती. मी त्यांचा हात धरून ठेवला, खाली वाकले आणि मुठीनं दगड तीनदा ठोकला. तळहात ठेवला. मला दगडातलं काही कळत नाही, मला फक्त तो गार लागला. तरी मी विचारलं, "नीट बसलास का रे?"

मागून काका ओरडले, "काय म्हनतो?"

"बसलाय!" मी ओरडले. "नीट बसलाय!"

त्यांना ऐकू गेलं नसणारच. म्हणून मी हात वर करून दाखवला. त्यांनी मान हलवली, आणि काकूंनी पाय उचलला.